आधी प्रश्न, मग प्रायमर: रक्तपरजीवींचं जनुकीय वैविध्य मोजायला शिकताना

या कामात नव्यानं पडलेले बहुतेक जण शेपटाकडून सुरुवात करतात. आधी रक्त गोळा होतं. मग फ्रीजरमध्ये जे प्रायमर हाताला लागतील त्यांनी पीसीआर होतो, सिक्वेन्स होऊन येतात, आणि तीस-चाळीस फाइली समोर मांडून प्रश्न विचारला जातो, "आता यातून वैविध्य कसं काढायचं?" फाइली उघडून बघावं तर सगळे अनुक्रम जवळपास सारखे. कारण वापरलेलं जनुक असतं १८एस आरआरएनए (पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएचं जनुक), आणि ते एका प्रजातीच्या आत फारसं बदलतच नाही. मग अहवालात वाक्य येतं की या परजीवींमध्ये वैविध्य आढळलं नाही. जिथे वैविध्य सापडलं असतं तिथे कुणी बघितलेलंच नसतं.

पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. म्हणून ज्या क्रमानं काम करायला हवं होतं, त्या क्रमानं इथे लिहिलं आहे. पीसीआर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, पण अनुक्रमांचा असा अभ्यास कधी केलेला नाही, असं धरून चाललो आहोत.

पहिली पायरी: आपला परजीवी वाढतो कसा?

"रक्तपरजीवी" हे सोयीसाठी बांधलेलं गाठोडं आहे. त्यात एकमेकांशी काडीचंही नातं नसलेले जीव एकत्र आलेत. थायलेरिया आणि बबेशिया हे गोचिडींमार्फत पसरणारे एकपेशीय जीव, मलेरियाच्या जंतूचे लांबचे भाऊबंद. सर्रा हा आजार करणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय वेगळ्याच कुळातला, कशाभिकेच्या, म्हणजे चाबकासारख्या शेपटाच्या, जोरावर रक्तात वळवळणारा. आणि ॲनाप्लाझ्मा हा तर चक्क जीवाणू. तो लाल पेशीत राहतो आणि बहुतेक गोचिडींमार्फतच पसरतो, एवढ्याच कारणानं या गाठोड्यात आला आहे.

या तीन गटांत वैविध्य तयार होण्याची तऱ्हा वेगवेगळी आहे, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

थायलेरिया आणि बबेशिया जनावराच्या अंगात असतात तेव्हा त्यांच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. नर-मादीसारख्या अवस्था आणि त्यांचं मीलन होतं ते गोचिडीच्या पोटात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, ज्या जनुकाची परजीवीत एकच प्रत आहे, त्याची दोन रूपं एका जनावराच्या रक्तात दिसली तर त्या जनावरात किमान दोन वाण आहेत. माणसासारख्या दोन संचांच्या जीवात असं म्हणता येत नाही. दुसरी, गोचिडीनं दोन वाण एकदम शोषले तर त्यांची सरमिसळ होऊन तिसराच वाण बाहेर पडतो. त्यामुळे एका जनुकानं सांगितलेली वंशकथा दुसरं जनुक दुजोरा देईलच असं नाही.

ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय टॅबॅनससारख्या चावऱ्या माशांच्या तोंडाला लागून या जनावरातून त्या जनावरात जातो. माशीच्या अंगात त्याची वाढ नाही, मीलन नाही. एकाचे दोन, दोनाचे चार, असा नुसता विभागत जातो. त्यामुळे दूरदूरच्या नमुन्यांतही तो बराच सारखा दिसतो. तसं दिसलं तर आपली पद्धत चुकली असं समजून घाबरू नका.

ॲनाप्लाझ्माची गंमत निराळी. त्याचं एमएसपी-२ हे पृष्ठभागावरचं प्रथिन एकाच जनावरात काही आठवड्यांच्या अंतरानं रूप पालटत राहतं. जनुकसंचात या जनुकाच्या अर्धवट, निकामी प्रती पडून असतात. त्यांचे तुकडे उचलून चालू प्रतीत बसवले जातात आणि जनावराची प्रतिकारशक्ती दर वेळी नव्या चेहऱ्यासमोर उभी राहते. ट्रिपॅनोसोमाची व्हीएसजी आणि बबेशिया बोव्हिसची वेस-१ ही जनुकं याच जातीची. वाण ओळखण्यासाठी ती कधीही वापरू नका. आज घेतलेलं रक्त आणि महिन्याभरानं घेतलेलं रक्त, दोन्ही त्याच गाईचं, तरी तुम्हाला दोन वाण दिसतील.

दुसरी पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

"वैविध्याचा अभ्यास करायचा आहे" हे वाक्य चालणार नाही. त्यातून कोणतं जनुक घ्यायचं हे कळत नाही. खाली नेहमी पडणारे काही प्रश्न घेतले आहेत. तुमचा प्रश्न यांपैकी एखाद्याच्या जवळ जाणारा असेल.

*कोणत्या प्रजाती आहेत?* इथे १८एस आरआरएनए उत्तम. त्यातला व्ही-४ हा बदलता पट्टा बहुतेक प्रजाती वेगळ्या काढतो. पण प्रजातींच्या रेषाही वाटतात तेवढ्या ठाम नाहीत. घोड्यातला थायलेरिया इक्वी आधी बबेशियात गणला जायचा, १९९८ मध्ये तो थायलेरियात आला. याच जनुकावरून पुढे त्याचे ए ते ई असे पाच गट पडले. आणि २०१८ मध्ये त्यांच्यातूनच थायलेरिया हॅनेयी ही वेगळी प्रजाती म्हणून बाहेर काढली गेली. हे नुसतं नामकरण नव्हतं. घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी जी चाचणी सर्रास वापरतात ती ईएमए-१ या प्रथिनावर उभी आहे, आणि हॅनेयीकडे ते जनुकच नाही. चाचणीत "निर्दोष" ठरलेल्या घोड्यात हा परजीवी असू शकतो. इमिडोकार्ब या औषधानं इक्वीचा नायनाट होऊ शकतो, हॅनेयी मात्र त्याला पुरून उरल्याचं दिसलं आहे.

*प्रजात तीच, पण प्रकार कोणता?* थायलेरिया ओरिएंटॅलिस हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. तो फारसा त्रास न देणारा परजीवी म्हणून अनेक वर्षं दुर्लक्षित होता. त्याच्या एमपीएसपी या जनुकावरून अकरा जनुकप्रकार ओळखले गेले: एक ते आठ, शिवाय एन-१ ते एन-३. पहिल्या तिघांना चितोसे, इकेडा आणि बफेली अशी नावंही आहेत. बफेली बहुधा गप्प बसतो. इकेडा मात्र गाईला रक्तक्षय करून जिवावर उठतो. ऑस्ट्रेलियात २००६ पासून, न्यूझीलंडमध्ये २०१२ पासून रोगाच्या ज्या साथी आल्या त्यांच्यामागे इकेडा होता, आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तो सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे प्रकार सारखेच दिसतात. "थायलेरिया आढळला" एवढाच शेरा इथे कुणाच्याच कामाचा नाही.

*औषध का लागू पडत नाही?* मग सायटोक्रोम बी हे जनुक वाचा. थायलेरिया ॲन्युलाटाच्या ज्या वाणांना बुपार्वाक्वोन लागू पडत नाही, त्यांच्यातल्या अनेकांत याच जनुकात बदल सापडले आहेत. कुत्र्यातल्या बबेशिया गिब्सोनीत १२१ व्या जागी मिथिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं की अटोव्हाक्वोनचा परिणाम घटतो. अशा कामात वैविध्याचा सरासरी आकडा काढून हाती काही लागत नाही. ठरावीक जागा वाचायच्या आणि किती नमुन्यांत बदल आहे ते सांगायचं, इतकंच.

*एका वाणाची लस दुसऱ्यावर चालेल का?* इथे प्रतिकारशक्तीला दिसणारी, पण क्षणोक्षणी रूप न पालटणारी जनुकं लागतात. थायलेरिया पार्व्हाविरुद्धच्या "मुगुगा कॉकटेल" या जिवंत लशीत तीन वाण एकत्र केलेले असतात: मुगुगा, किआम्बू-५ आणि सेरेंगेटी. तीन घेतले तर आवाका वाढेल हा हिशोब. २०१५ मध्ये तिघांचे पूर्ण जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा मुगुगा आणि सेरेंगेटी जवळपास एकच निघाले. वेगळा होता तो किआम्बू. नावं वेगळी आहेत म्हणून वाण वेगळे धरू नयेत, याची मला तरी यापेक्षा चांगली आठवण ठाऊक नाही.

*कळपात किती वाण फिरतात, कुठून कुठे जातात?* एका जनुकावर भागणार नाही. थायलेरियासाठी मिनिसॅटेलाइट आणि मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या जागा, अशा आठ-दहा तरी घ्याव्या लागतात. ॲनाप्लाझ्मा मार्जिनालेसाठी एमएसपी-१ए सोयीचं. त्याच्या सुरुवातीला पुन्हापुन्हा येणारे तुकडे असतात. ते किती आणि कोणत्या क्रमानं आले यावरून वाण ओळखतात, आणि एमएसपी-२ सारखा तो क्रम एका जनावरात बदलत नाही.

जनुक ठरलं की प्रायमरचे अनुक्रम हातात घेऊन डेटाबेसमधल्या सगळ्या ज्ञात वाणांशी ताडून बघा. एका वाणावरून बनवलेला प्रायमर दुसऱ्या वाणाला चिकटेलच असं नाही. न चिकटलेला वाण जेलवर दिसत नाही आणि "नाही" म्हणून मोजला जातो. घोड्याच्या त्या चाचणीचं जे झालं तेच आपल्या पीसीआरचं घरच्या घरी होऊ शकतं. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायची प्रचलित पीसीआर चाचणी रोटॅट १.२ या जनुकावर आहे. केनियात सापडलेल्या "बी" प्रकारात ते जनुकच नसतं, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळे प्रायमर लागतात.

तिसरी पायरी: रक्त घेणं

ईडीटीएच्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्या. हेपॅरिन नको, ते पीसीआरमधल्या एन्झाइमला अडवतं. त्याच वेळी काचपट्टीवर ताजा स्मिअर करून ठेवा. पुढे पीसीआरचा निकाल चक्रावणारा आला तर परत जाऊन बघायला काहीतरी हवं. बबेशिया बोव्हिस शोधत असाल तर कानाच्या टोकाचं किंवा शेपटीच्या टोकाचं रक्त घ्या. त्याची लागण झालेल्या लाल पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकून बसतात, मानेच्या मोठ्या शिरेत त्या मानानं कमी मिळतात. बर्फाची सोय नसेल तर खास कागदाच्या कार्डावर रक्ताचा थेंब वाळवून आणता येतो. मात्र त्यात रक्ताचं प्रमाण थोडं, त्यामुळे लागण हलकी असेल तर ती निसटते.

कुणाचं रक्त घ्यायचं, यावर जास्त विचार करा. एका गोठ्यातली वीस जनावरं म्हणजे वीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. त्यांना चावलेल्या गोचिडी एकाच कुंपणातल्या, परजीवीही बहुधा एकाच घराण्यातले. वीस गोठ्यांतली एकेक जनावरं घेतलीत तर चित्र निराळं येईल. दोन्ही योजना बरोबर असू शकतात, प्रश्न कोणता आहे त्यावर. फक्त आजारी जनावरं घेतली तर घातक वाणांचंच पारडं जड होतं. धडधाकट दिसणारी पण परजीवी वागवणारी जनावरं सोडली तर वैविध्याचा मोठा भाग सुटतो, कारण पुन्हापुन्हा गोचिडी चावलेल्या थोराड जनावरांतच अनेक वाण एकत्र नांदत असतात.

प्रत्येक नमुन्यासोबत वय, जात, लिंग, ठिकाण, तारीख, ताप होता का, कोणतं औषध कधी दिलं, कोणती लस टोचली, बाहेरून विकत आणलेलं आहे का, हे सगळं तिथेच उभं राहून लिहा. जिवंत लस दिलेल्या जनावरात लशीतलाच वाण सापडू शकतो, आणि तो शोध म्हणून छापायची वेळ येऊ नये. मालकाची संमती आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या नीतिसमितीची परवानगी रक्त घेण्याआधी हवी, नंतर नव्हे.

चौथी पायरी: डीएनए आणि पीसीआर

किट कुठलंही चालतं. पण नळीत जे उतरतं ते बहुतांशी जनावराचंच असतं, हे नवख्याला पटत नाही, म्हणून एकदा हिशोब करू. गाईच्या एका मायक्रोलिटर रक्तात सात हजार पांढऱ्या पेशी धरा. प्रत्येकीत साधारण ५४० कोटी अक्षरांचा (म्हणजे ए, टी, जी, सी या बेसचा) डीएनए. लाल पेशी ६५ लाख, त्यांना केंद्रक नाही. त्यांतल्या शंभरात एकीत थायलेरिया आहे असं समजा, म्हणजे ६५ हजार परजीवी, प्रत्येकाचा जनुकसंच जेमतेम ८३ लाख अक्षरांचा. गुणाकार-भागाकार केलात तर परजीवीचा वाटा शंभरात दीडपेक्षाही कमी येतो. आणि शंभरात एक पेशी बाधित ही भरपूर लागण झाली. धडधाकट वाहक जनावरात ती याच्या कितीतरी खाली असते. म्हणून पूर्ण जनुकसंच वाचायचा मोह आवरा, किंवा आधी पांढऱ्या पेशी गाळून काढा.

हलक्या लागणीसाठी नेस्टेड पीसीआर करतात: आधी मोठा तुकडा वाढवायचा, मग त्याच्या आतला छोटा. संवेदनशीलता वाढते, आणि त्याबरोबर भेसळीचा धोकाही. पहिल्या फेरीची नळी उघडली की कोट्यवधी प्रती हवेत तरंगायला मोकळ्या होतात. पीसीआरचं मिश्रण बनवायची जागा, डीएनए घालायची जागा आणि जेल चालवायची जागा वेगळ्या ठेवा. दर खेपेला नुसत्या पाण्याची एक नळी लावा. ती नळी चमकली तर त्या दिवशीचं सगळं काम टाकून द्यायचं. "फिकटच तर पट्टा आहे" असं म्हणत पुढे जाणारे पुढे कुठे अडकतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

पाचवी पायरी: शिखरं वाचा, नुसती अक्षरं नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सिक्वेन्सिंग करून आलं की दोन फाइली मिळतात: एक अक्षरांची, एक रंगीत शिखरांची, म्हणजे क्रोमॅटोग्राम. अक्षरांची फाइल सरळ सॉफ्टवेअरमध्ये ओतायची सवय लागली की पुढचं सारं बिघडतं.

क्रोमॅटोग्राम उघडा. सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरं अंधूक असतात, ती कापा. प्रायमरचा भागही कापा, कारण तिथली अक्षरं परजीवीची नसून तुम्ही नळीत घातलेल्या प्रायमरची असतात. मग मधल्या स्वच्छ भागात एखाद्या जागी एकावर एक दोन शिखरं दिसतात का ते बघा. उलट्या दिशेच्या वाचनातही त्याच जागी तसंच दिसलं तर मामला खरा.

खरा, पण कशाचा? पहिलं उत्तर, मिश्र लागण, म्हणजे एका जनावरात दोन वाण. दुसरं उत्तर सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही: त्या जनुकाच्या एकाच परजीवीत दोन वेगळ्या प्रती असतील तर? बबेशिया बायजेमिनात आरआरएनए जनुकाच्या तीन प्रती आहेत आणि त्या सगळ्या हुबेहूब सारख्या नाहीत. अशा जनुकात दुहेरी शिखर म्हणजे दोन वाण असं म्हणता येत नाही. पहिल्या पायरीत "ज्या जनुकाची एकच प्रत आहे" ही अट घातली होती, ती याचसाठी.

मिश्र लागण खरीच असेल तर क्लोनिंग करून एकेक प्रत वेगळी वाचतात, किंवा हजारो प्रती एकदम वाचणारं ॲम्प्लिकॉन सिक्वेन्सिंग करतात. दोन्हींत एक चोर लपलेला आहे: पीसीआरची स्वतःची चूक. साधं टॅक पॉलिमरेज प्रत काढताना लाखात दोन अक्षरं चुकवतं असा माफक अंदाज धरू. ८०० अक्षरांचा तुकडा, प्रत्यक्ष दुप्पट होण्याच्या ३० फेऱ्या. गुणाकार केला तर दर क्लोनमागे सरासरी अर्धी चूक येते. म्हणजे दहा क्लोन वाचले की तीन-चार क्लोनांत एखादं अक्षर निसर्गानं नव्हे, तुमच्या यंत्रानं बदललेलं असेल. नेस्टेडमध्ये फेऱ्या जास्त, चुकाही जास्त.

यावर उपाय आहेत. चूक दुरुस्त करणारं, उच्च अचूकतेचं एन्झाइम वापरा. फेऱ्या शक्य तितक्या कमी ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच क्लोनमध्ये एकदाच दिसलेला बदल संशयित समजा. तोच बदल दुसऱ्या जनावरात किंवा त्याच डीएनएच्या वेगळ्या पीसीआरमध्ये पुन्हा दिसला तरच यादीत घ्या. शिवाय एका मिश्र नमुन्यात पीसीआर अर्धवट थांबून दोन वाणांचे तुकडे जोडले जातात आणि जगात कुठेच नसलेला तिसरा "वाण" तयार होतो. असा जोडकाम केलेला अनुक्रम ओळखायचा असेल तर त्याचा पूर्वार्ध एका खऱ्या वाणाशी आणि उत्तरार्ध दुसऱ्या खऱ्या वाणाशी तंतोतंत जुळतो का ते बघा. गोचिडीच्या पोटातली खरी सरमिसळही अशीच दिसते, म्हणून पुन्हा तोच नियम: स्वतंत्र पीसीआरमध्ये परत सापडला तर खरा.

सहावी पायरी: जुळणी

ब्लास्ट करून, म्हणजे आपला अनुक्रम डेटाबेसमधल्या अनुक्रमांशी ताडून, आधी खात्री करा की हा परजीवीच आहे, जनावराचा डीएनए नाही. सगळ्यात वर आलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास नको, डेटाबेसमध्ये चुकीच्या नावानं ठेवलेले अनुक्रमही आहेत. पहिले दहा-वीस निकाल बघा आणि त्यांत एखादा नीट अभ्यासलेला संदर्भ वाण आहे का ते शोधा. मग मेगा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळे अनुक्रम एकाखाली एक लावा. जनुक प्रथिन बनवणारं असेल तर ते अमिनो आम्लांत उलगडून बघा. मध्येच "थांबा" असा संकेत आला तर बहुधा एखादं अक्षर वाचताना गळलंय किंवा जास्तीचं घुसलंय. परत क्रोमॅटोग्रामकडे जा.

सातवी पायरी: आकडे

आता वैविध्य मोजायचं. मूळ आकडे दोन, आणि ते एकदा हातानं काढल्याशिवाय डीएनएएसपीसारख्या सॉफ्टवेअरला हात लावू नये असं माझं मत आहे.

वीस जनावरांतून ५०० अक्षरांचे वीस अनुक्रम मिळाले. हुबेहूब सारख्या अनुक्रमांचा गट म्हणजे हॅप्लोटाइप. समजा असे तीन निघाले: पहिला १० जनावरांत, दुसरा ६ मध्ये, तिसरा ४ मध्ये. पहिल्या-दुसऱ्यात एका अक्षराचा फरक, दुसऱ्या-तिसऱ्यात चार, पहिल्या-तिसऱ्यात पाच.

हॅप्लोटाइप वैविध्य म्हणजे डोळे मिटून दोन अनुक्रम उचलले तर ते वेगवेगळे असण्याची शक्यता. प्रत्येकाचा वाटा ०.५, ०.३, ०.२. त्यांच्या वर्गांची बेरीज ०.३८. एकातून वजा केली की ०.६२. नमुना लहान असल्यानं त्याला २० भागिले १९ नं गुणायचं. उत्तर ०.६५.

न्यूक्लिओटाइड वैविध्य म्हणजे असे दोन अनुक्रम दर अक्षरामागे सरासरी किती वेगळे. वीस अनुक्रमांच्या १९० जोड्या होतात. पहिला-दुसरा अशा ६० जोड्या, प्रत्येकीत १ फरक. पहिला-तिसरा अशा ४०, प्रत्येकीत ५. दुसरा-तिसरा अशा २४, प्रत्येकीत ४. एकूण फरक ३५६. त्याला १९० नं भागायचं, मग ५०० नं. उत्तर ०.००३७.

आता यात गडबड करू. पहिल्या हॅप्लोटाइपच्या दहा अनुक्रमांपैकी तिघांत पीसीआरनं एकेका वेगळ्या जागी एकेक अक्षर चुकवलं आणि आपण ते तपासलं नाही. हॅप्लोटाइप तीनाचे सहा झाले. पहिला आकडा ०.६५ वरून ०.७८ वर गेला, दुसरा ०.००३७ वरून ०.००४३ वर. निसर्गात काहीच बदललेलं नाही, फक्त तीन अक्षरं बिघडली आणि "वाणांची" संख्या दुप्पट झाली. ताजिमाचा डी (परजीवींची संख्या वाढली-घटली का याचा अंदाज घ्यायला वापरतात तो आकडा) हाही अशा एकेकट्या बदलांमुळे ऋण बाजूला झुकतो. ऋण आकडा दिसला की "परजीवींची संख्या नुकतीच वाढली" असा निष्कर्ष लिहायची घाई होते. त्याआधी एकेकटे बदल काढून आकडा पुन्हा काढून बघा.

आणखी एक घोळ मोजणीच्या एककाचा. चार जनावरांतून दहा-दहा क्लोन वाचले म्हणजे चाळीस नमुने होत नाहीत. जनावरं चारच आहेत. जनावराच्या आतलं वैविध्य आणि जनावरा-जनावरांतलं वैविध्य वेगवेगळं मांडा. मिनिसॅटेलाइटच्या कामात प्रत्येक जनावरासाठी, ज्या जागेवर सगळ्यात जास्त रूपं दिसली ती संख्या घ्या. त्या जनावरात किमान तेवढे वाण आहेत. "किमान" हा शब्द गाळू नका, दोन वाणांचं एखाद्या जागी रूप सारखंच असू शकतं.

दोन भागांतले परजीवी किती वेगळे, हे सांगणारा एफएसटी हा आकडा आठ-दहा नमुन्यांवर काढू नये. सॉफ्टवेअर तो काढून देतं, ते त्याचं कामच आहे.

आठवी पायरी: झाड की जाळं?

प्रजाती वेगळ्या दाखवायच्या असतील तर वंशवृक्ष काढा. त्यात जवळच्याच, पण बाहेरच्या प्रजातीचा एक अनुक्रम मूळ म्हणून घ्या. फांद्यांवरचा बूटस्ट्रॅप आकडा, म्हणजे ती फांदी किती भरवशाची हे शंभरात सांगणारा आकडा, ७० च्या खाली असेल तर त्या फांदीवर कथा रचू नका. एकाच प्रजातीतले, एक-दोन अक्षरांनी वेगळे असलेले हॅप्लोटाइप दाखवायचे असतील तर झाडापेक्षा जाळं बरं. पॉपआर्ट या सॉफ्टवेअरमध्ये ते सहज काढता येतं: मोठं वर्तुळ म्हणजे जास्त जनावरांत सापडलेला हॅप्लोटाइप, वर्तुळांमधली रेघ म्हणजे अक्षरांचा फरक. आणि थायलेरिया-बबेशियात दोन जनुकांची दोन झाडं वेगळी आली तर एक खोटं ठरवायच्या मागे लागू नका. गोचिडीत सरमिसळ झाली असेल तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

शेवटचं काम: जमा करणं

अनुक्रम जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसमध्ये जमा करा, प्रत्येक हॅप्लोटाइपचा एकेक नव्हे, तर प्रत्येक नमुन्याचा. नुसते हॅप्लोटाइप ठेवले तर दुसऱ्या कुणाला वैविध्याचा आकडा पुन्हा काढता येत नाही, कारण कोणता किती वेळा सापडला हेच हरवतं. यजमान जनावर, ठिकाण आणि वर्ष हे रकाने रिकामे सोडू नका. मिश्र लागणीचे नमुने गाळले असतील तर किती गाळले ते लेखात लिहा. वैविध्य सगळ्यात जास्त त्यांच्यातच असतं, त्यामुळे ते गाळून काढलेला आकडा नेहमी कमीच येतो.

उरलेला डीएनए उणे २० अंशांवर, छोट्या वाट्यांत विभागून ठेवा, दर वेळी तीच नळी वितळवून पुन्हा गोठवू नका. आणि नळीवर साध्या मार्करनं लिहू नका. टेबल पुसताना इथेनॉलचा एक थेंब लागला की नमुन्याचा क्रमांक जातो. इथेनॉलनं न पुसला जाणारा मार्कर घ्या, नाहीतर चिकटपट्टीवर पेन्सिलीनं लिहून वर पारदर्शक टेप लावा.